मराठीतून ऑनलाइन तत्त्वज्ञान-व्याख्यानं: आराखडा देतोय, भोकं दाखवा

आन्वीक्षिकी (धागाकर्ता)

तत्त्वज्ञानातल्या चालू संशोधनावर महिन्यातून एक ऑनलाइन व्याख्यान, मराठीतून, असा बेत आहे. वक्ते म्हणजे पीएचडी करणारे, महाविद्यालयात शिकवणारे आणि परदेशी विद्यापीठांत असलेले मराठी अभ्यासक. श्रोते तीस-चाळीस धरलेत. 'परामर्श' हे तत्त्वज्ञानाचं नियतकालिक चाळणारा, तत्त्वज्ञान परिषदेच्या अधिवेशनाला जाणारा वर्ग डोळ्यांसमोर आहे. ही वसंत व्याख्यानमाला नव्हे, त्यामुळे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि वक्त्याच्या पदव्यांची जंत्री यांना फाटा.

शनिवारची विभागणी अशी:

६:४० – वक्ता, अध्यक्ष आणि तांत्रिक बाजू बघणारा, तिघंच आत. माइक, स्क्रीन-शेअर, हँडआउटची लिंक तपासायची.
६:५५ – वेटिंग रूम उघडायची.
७:०० – अध्यक्षांची प्रस्तावना, २ मिनिटं. नाव, संस्था, विषय, चर्चेचे नियम. बस्स.
७:०२ – व्याख्यान, ३५ मिनिटं.
७:३७ – ५ मिनिटं सुट्टी.
७:४२ – चर्चा, ४५ मिनिटं.
८:२७ – आभार. ज्यांना रेंगाळायचंय त्यांच्यासाठी ९ पर्यंत खोली उघडी.

चर्चेला व्याख्यानापेक्षा जास्त वेळ मुद्दाम ठेवलाय. आपल्याकडच्या चर्चासत्रांत वक्ता ५५ मिनिटं खातो आणि मग 'वेळेअभावी एकच प्रश्न घेऊ' होतं. इतर विषयांत ते खपत असेल, निष्कर्ष ऐकून घरी जाता येतं. तत्त्वज्ञानात युक्तिवाद कुठे तुटतो हे बघायलाच लोक आलेले असतात.

तीन गोष्टी ठरत नाहीयेत: निबंध आधी वाटायचा का, रेकॉर्डिंग करायचं का, आणि कुठलं सॉफ्टवेअर.

तळटीप

आन्वीक्षिकी, ३५ मिनिटं हे वक्त्याला शब्दसंख्येत सांगा. मिनिटं कोणी पाळत नाही, शब्द मोजता येतात.

अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या अधिवेशनांत छोट्या निबंधाला ३००० शब्दांची मर्यादा असते. इंग्रजीत ते पंचवीसेक मिनिटांत वाचून होतात. हाच आकडा डोळे मिटून मराठीला लावू नका. 'ज्ञानमीमांसेतल्यासुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतील. प्रत्यय चिकटत जातात, शब्द लांबतात, वाचायला वेळ जास्त लागतो. मिनिटाला ८० शब्द धरा, म्हणजे ३५ मिनिटांना २८००. वक्त्याला म्हणावं, मधलं एखादं पान घड्याळ लावून मोठ्याने वाच आणि गुणाकार कर. पहिलं पान नको, ते सगळेच सावकाश वाचतात.

दुसरं, वाचून दाखवायला हरकत नाही, तत्त्वज्ञानात शब्दन्‌शब्द महत्त्वाचा असतो. पण छापायला लिहिलेलं वाक्य कानाला झेपत नाही. 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांच्यामध्ये चार ओळी गेल्या की ऐकणारा 'ज्याअर्थी' विसरलेला असतो. आणि ऑनलाइन वक्त्याचा चेहरा टपाल तिकिटाएवढा, हातवारे दिसत नाहीत, त्यामुळे तो स्वतःचं मत मांडतोय की ज्याचं खंडन करायचंय त्याचं, हेच कळेनासं होतं. शास्त्रग्रंथांत याची सोय होती: 'ननु' आलं की पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, सुरू झाला, 'इति चेत्, न' आलं की तो संपला. आपणही तेवढं ठळक बोलायला हवं. 'इथपर्यंत प्रतिपक्ष. आता माझं उत्तर.' असं सरळ म्हणावं, त्यात कसलाही ओशाळेपणा नको.

पूर्वपक्ष

तळटीप, 'पूर्वपक्ष' हा माझाच आयडी, त्यामुळे मला उचकी लागली. :)

निबंध आधी वाटा, या बाजूने मी. लंडनच्या ॲरिस्टॉटेलियन सोसायटीची (स्थापना १८८०) रीत बघा, व्याख्यानाचा मसुदा आधीच वाचायला मिळतो. आपल्या मालिकेत ८ दिवस आधी ६००० ते ८००० शब्दांचा मसुदा द्यावा, वक्त्याने १० मिनिटांत सांगाडा सांगावा, एका नेमलेल्या भाष्यकाराने ८ मिनिटं बोलावं, वक्त्याने ५ मिनिटं उत्तर द्यावं आणि उरलेला तासभर चर्चा. मूळ सांगाड्यासाठी १० मिनिटं कमी पडतात म्हणणाऱ्यांसाठी: केंब्रिजच्या मॉरल सायन्सेस क्लबात १९१२ साली व्हिटगेन्श्टाइनने 'तत्त्वज्ञान म्हणजे काय' यावर वाचलेला निबंध सुमारे ४ मिनिटांत संपला होता. निबंध शक्यतो ७ मिनिटांत आटपावा असा तिथला नियमही त्याच सुमाराचा.

तळटीप

व्हिटगेन्श्टाइनला ४ मिनिटं पुरली म्हणून सगळ्यांना पुरतील हा कुठला हेत्वाभास (फसवा युक्तिवाद)?

मसुदा वाटण्यातली खरी अडचण अशी की चाळिसातले दहा जण तो वाचून येतात. मग चर्चा दहांची होते आणि तीस जण परक्या लग्नात आल्यासारखे बसतात. लहान गटात, १२-१५ जणांत, पूर्ववाचन उत्तम. चाळिसांत नाही.

आन्वीक्षिकी

मग मधला मार्ग: व्याख्यान ३५ मिनिटांचंच, मसुदा मागेल त्याला. आणि दोन पानांचं हँडआउट सगळ्यांना.

घटपट

हँडआउटबद्दल सविस्तर लिहितो, कारण ऑनलाइनमध्ये सगळा डोलारा त्यावर उभा असतो. स्लाइड पुढे सरकली की गेली. हँडआउट श्रोत्याच्या हातात राहतं, तो मागे जाऊन बघू शकतो, आणि प्रश्न विचारताना बोट ठेवायला जागा मिळते.

प्रत्येक दाव्याला क्रमांक हवा. उदाहरणार्थ वक्ता गेटियरच्या समस्येवर बोलणार असेल तर:

(१) 'अ'ला 'वि' हे विधान माहीत आहे असं म्हणता येतं, जर आणि तरच
  (१क) 'वि' सत्य आहे,
  (१ख) 'अ'चा 'वि'वर विश्वास आहे,
  (१ग) तो विश्वास ठेवायला 'अ'कडे पुरेसं समर्थन आहे.
(२) गेटियर (१९६३): (१क) ते (१ग) पूर्ण होऊनही ज्ञान नसेल अशी उदाहरणं आहेत.
(३) माझा दावा: (२) मधली उदाहरणं (१ग)चा एकच विशिष्ट अर्थ गृहीत धरतात.

आता प्रश्न विचारणारा 'तुमच्या त्या मघाच्या मुद्द्याबद्दल...' असं चाचपडत नाही. 'तीन नंबर, एक-ग बद्दल' म्हणतो आणि चाळीस जणांची नजर एकाच ओळीवर जाते. (गेटियरचा मूळ लेखही जेमतेम तीन पानांचा आहे, हे वक्त्याच्या कानावर घालावं.)

अक्षरांची निवड सांभाळून करा. इंग्रजीच्या नकलेने 'प' आणि 'ब' अशी विधानं घेतली तर खराब रेंजमध्ये दोन्ही सारखीच ऐकू येतात. 'स' आणि 'श'चंही तेच. क्रमांक सर्वांत सुरक्षित.

हँडआउट युनिकोडमध्ये टाइप केलेलं हवं. अजूनही बऱ्याच प्राध्यापकांच्या फायली जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत असतात. अशी वर्ड फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफ केलं तर डोळ्यांना नीट दिसतं, पण शब्द शोधता येत नाही, कॉपी केलं की तोच कचरा, आणि अंध वाचकाचा स्क्रीनरीडर तो कचराच वाचून दाखवतो. छापील पानाचा फोटो काढून पाठवणं तर त्याहून वाईट. लॅटेक या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीत करणाऱ्यांनी झीलॅटेक घ्यावं, साध्या पीडीएफलॅटेकवर देवनागरीशी झटापट करू नये.

लिंक चॅटमध्ये एकदाच टाकून मोकळं होऊ नका. उशिरा आलेल्याला त्याच्या आधीचं चॅट बहुतेक वेळा दिसत नाही. ७:००, ७:१० आणि चर्चेच्या सुरुवातीला, अशी तीनदा टाका. अर्धे लोक मोबाइलवर असतात, त्यामुळे अक्षर १४ पॉइंटचं, एक रकाना, आणि ओळींत अंतर जरा सैल. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकले की वाचणारा नाद सोडतो.

वायरमन

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात.

झूमचं फुकट खातं: १०० जण, ४० मिनिटं. तुम्ही ६:४०ला उघडणार, म्हणजे ७:२०ला बंद. वक्ता नेमका मुख्य युक्तिवादावर आलेला असेल. गूगल मीट फुकट: तीन किंवा जास्त लोक असतील तर ६० मिनिटं, आणि रेकॉर्डिंग नाही. जित्सीवर अशी वेळेची कात्री नाही, खोली उघडणाऱ्याला लॉगिन मात्र लागतं; लोक वाढले आणि सगळ्यांचे कॅमेरे चालू असले की जुने लॅपटॉप धापा टाकतात. बिगब्लूबटन मुक्त आज्ञावली आहे, फळा चांगला आहे, पण स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो.

व्यवहार्य उपाय: कुणाच्या तरी विद्यापीठाचं सशुल्क खातं. मात्र आधी तपासा की त्या खात्यावर संस्थेबाहेरच्यांना थेट प्रवेश आहे का. काही ठिकाणी बाहेरच्या प्रत्येकाला हाताने आत घ्यावं लागतं. चाळीस वेळा 'ॲडमिट' दाबणारा माणूस व्याख्यान ऐकत नसतो.

आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटच्या आसपास पुरतात, चित्राला त्याच्या दहापट आणि वर. म्हणून वक्त्याचा आवाज तुटायला लागला की पहिली कृती: इतर सगळ्यांचे नव्हे, वक्त्याचा स्वतःचा कॅमेरा बंद. अपलोड त्याचं कमी पडतंय. तेवढ्याने भागलं नाही तर त्याने स्क्रीन-शेअर सोडावं आणि तंत्रवाल्याने स्वतःकडची प्रत दाखवावी. म्हणूनच स्लाइड आदल्या दिवशी मागून ठेवायच्या.

हेडफोन वायरचा, ५०० रुपयांतला चालेल. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की तोच हेडफोन कमी दर्जाच्या फोन-पद्धतीवर जातो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. एका खोलीत दोन उपकरणं जोडलेली असतील तर प्रतिध्वनी. नवरा-बायको दोघं ऐकत असतील तर एकाचं यंत्र म्यूट करून स्पीकरही बंद, नुसतं म्यूट पुरत नाही. पंखा थेट डोक्यावर नको. त्याचा आवाज सॉफ्टवेअरची गाळणी काढून टाकते, पण हँडआउटचे कागद फडफडतात ते निघत नाही.

वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, राउटर मरतो. १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो, तो वक्त्याकडे असावा, नाहीतर मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेला हवा. को-होस्ट नेमलेला हवाच. होस्टची रेंज गेली तर कारभार त्याच्याकडे जातो. तो वेगळ्या गावात बसलेला असावा. एकाच इमारतीत होस्ट आणि को-होस्ट ठेवले तर दोघांची वीज एकदमच जाणार.

फोन करून सामील होणाऱ्यांना सांगून ठेवा: झूममध्ये *९ म्हणजे हात वर, *६ म्हणजे म्यूट काढणे-घालणे.

हेत्वाभास

पुरवणी: वक्त्याकडे मॅक असेल तर हावभावांच्या रिॲक्शन बंद करायला सांगा. नव्या मॅकवर कॅमेऱ्यासमोर दोन बोटांचा 'व्ही' धरला की पडद्यावर फुगे उडतात. 'याचे दोन पर्याय आहेत' म्हणून बोटं वर केली की झालं वाढदिवसाचं वातावरण. वरच्या पट्टीतल्या व्हिडिओच्या हिरव्या चिन्हात ती सोय बंद करता येते.

उत्तररात्र

शनिवारी ७ ही वेळ कोणाला सोयीची ते लिहितो, कारण यात दरवर्षी तेच घोळ होतात.

भारतात ७ वाजता लंडनला हिवाळ्यात दुपारचा १:३०, उन्हाळ्यात २:३०. न्यूयॉर्कला सकाळचे ८:३० किंवा ९:३०. कॅलिफोर्नियाला पहाटेचे ५:३० किंवा सकाळचे ६:३०. सिडनीला रात्रीचे ११:३०, आणि तिथल्या उन्हाळ्यात १२:३०, म्हणजे रविवार उजाडलेला. सिडनीवाले येणार नाहीत असं धरून चाला.

घोळ होतो मार्चमध्ये. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर नेहमीपेक्षा एक तास कमी. पुन्हा ऑक्टोबरचा शेवटचा रविवार (युरोप) आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार (अमेरिका) यांच्यामध्ये एक आठवडा. भारताची घड्याळं जागची हलत नाहीत, म्हणून आपल्याला हे लक्षातच येत नाही आणि बॉस्टनचा वक्ता तासभर उशिरा उगवतो.

जाहिरातीत 'आयएसटी' लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलही तीच तीन अक्षरं वापरतात. 'पुण्यातली वेळ संध्याकाळी ७, यूटीसी १३:३०' असं लिहा (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ). कॅलेंडरचं निमंत्रण 'कोलकाता' हा विभाग निवडून तयार करा, मग ज्याच्या त्याच्या फोनवर स्थानिक वेळ आपोआप दिसते.

दर तिसरं व्याख्यान शनिवारी सकाळी १० ला ठेवलंत तर सिडनीला दुपारचे २:३० किंवा ३:३०, कॅलिफोर्नियाला शुक्रवार रात्रीचे ८:३० किंवा ९:३०. लंडनवाले त्या दिवशी झोपतील. कोणीतरी झोपणारच.

घटपट

चर्चेकडे येतो. धागाकर्त्याने ४५ मिनिटं दिलीत, पण ती कशी चालवायची ते लिहिलेलं नाही, आणि बहुतेक ऑनलाइन व्याख्यानं इथेच मरतात. दोन प्रकारे. एक, कोणीच बोलत नाही, अध्यक्ष 'कुणाला काही विचारायचं आहे का' तीनदा म्हणतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. दोन, एक ज्येष्ठ श्रोते 'प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण' म्हणून सुरू होतात ते ११ मिनिटांनी थांबतात.

तत्त्वज्ञानाच्या परिषदांतली हात-बोट पद्धत आणा. हात म्हणजे नवा प्रश्न. बोट म्हणजे आत्ता चाललेल्या प्रश्नालाच जोडून काही. बोटाला हातापेक्षा अग्रक्रम, पण एका हाताला दोनच बोटं. ऑनलाइन हातासाठी 'रेझ हँड'चं बटण, त्यात कोणी आधी हात वर केला तो क्रम यादीत टिकतो. बोटासाठी चॅटमध्ये नुसतं 'बोट' लिहायचं. प्रश्न चॅटमध्ये लिहायचा नाही. कारण लिहिला की तिथे समांतर वाद सुरू होतो, वक्ता अर्धं वाचतो अर्धं ऐकतो, आणि दोन्हींना उत्तर देत नाही. बोलायला खरोखर अडचण आहे त्यांनी को-होस्टला खासगीत प्रश्न पाठवावा, तो वाचून दाखवेल.

अध्यक्षांनी यंत्रावर विसंबू नये. समोर कागद हवा. तो साधारण असा दिसतो:

७:४२ क (हात) – विधान ३
   ↳ च (बोट), ट (बोट)
७:५० ख (हात, विद्यार्थिनी) – १ग ← वर घेतलं
७:५७ ग (हात) – उदाहरण
   ↳ क (बोट) ✗ दुसऱ्यांदा, शेवटी
८:०५ ...

'वर घेतलं' म्हणजे यादीचा क्रम मोडून विद्यार्थिनीला आधी बोलावलं. पहिले दोन प्रश्न प्राध्यापकांचे गेले की विद्यार्थी हात खाली करतात, हे कुठल्याही सभागृहात दिसतं, पडद्यावर जास्त. म्हणून सुरुवातीलाच जाहीर करायचं: एकदाही न बोललेल्याला आधी संधी, संशोधक विद्यार्थ्यांना त्याहून आधी. नियम आधी सांगितला की कोणाला अपमान वाटत नाही.

४५ मिनिटांत हिशेब सरळ आहे: एका प्रश्नाला, उत्तर आणि बोटं धरून, ७ मिनिटं. म्हणजे पाच-सहा प्रश्न. यादीत नऊ नावं झाली की अध्यक्षांनी सांगून टाकावं, 'यादी बंद'. शेवटच्या ५ मिनिटांत उरलेल्यांनी एकेक वाक्यात प्रश्न सांगायचा, वक्ता वाटेल त्याला उत्तर देईल, बाकीच्यांना नंतर मेल.

५ मिनिटांची सुट्टी कोणी कापू नका. वेळ गेला म्हणून पहिली कात्री तिलाच लागते. पण नवखा माणूस प्रश्न लगेच मांडू शकत नाही, त्याला तो कागदावर लिहून बघायचा असतो. सुट्टी काढली की सराईत मंडळीच उरतात.

आणि ११ मिनिटांचं निरीक्षण: अध्यक्षांनी दीड मिनिटानंतर नावाने हाक मारून 'सर, प्रश्न एका वाक्यात घेऊया' म्हणायचं. म्यूट करायचं नाही. म्यूट केलेला ज्येष्ठ माणूस दोन मिनिटं तसाच बोलत राहतो आणि मग कळल्यावर पुढच्या व्याख्यानाला येत नाही.

पंचावयव

घटपट, उत्तम. यात न्यायसूत्रांतली निग्रहस्थानं (वादात हरल्याच्या खुणा) जशीच्या तशी लावता येतात, ती एकूण २२ आहेत. परिषदेसमोर तीनदा सांगूनही परिषदेला आणि प्रतिवाद्याला कळलं नाही तर 'अविज्ञातार्थ', आणि हरला तो बोलणारा. रेंज खराब असताना हाच नियम ठेवा: तीनदा ऐकू आलं नाही तर प्रश्नकर्त्याने चॅटमध्ये लिहायचं, चौथ्यांदा ओरडायचं नाही. आणि दुसरं काम आहे असं निमित्त काढून वाद मध्येच तोडला तर ते 'विक्षेप'. अडचणीचा प्रश्न आला की ज्यांची रेंज जाते त्यांच्यासाठी.

पूर्वपक्ष

विक्षेप! =))

पंचावयव

आता गंभीर मुद्दा, जो अजून कोणी काढला नाही. मराठीतून म्हणजे कुठल्या परिभाषेतून?

'निगमन' घ्या. तर्कशास्त्राच्या मराठी पुस्तकांत निगमन म्हणजे ज्यात आधारविधानं सत्य असली की निष्कर्ष सत्य असलाच पाहिजे असं अनुमान, विगमनाच्या उलट. न्यायदर्शनात निगमन म्हणजे पंचावयवी वाक्याचा पाचवा अवयव: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. वक्ता पाश्चात्त्य तर्कशास्त्र शिकलेला आणि प्रश्नकर्ता संस्कृत विभागातला असेल तर दोघं २० मिनिटं एकमेकांशी सहमत असल्यासारखे बोलतात आणि मग कळतं की विषयच वेगळे होते. 'जाति' तर तीन अर्थांनी येते: न्यायातलं सामान्य (अनेक वस्तूंत समान असलेला धर्म), न्यायातलंच फसवं प्रत्युत्तर (त्याचे २४ प्रकार), आणि रोजच्या वापरातली. सामाजिक तत्त्वज्ञानावरच्या व्याख्यानात तिसरा अर्थ चालू असताना कोणी पहिला घेऊन आला की गोंधळ अटळ. 'अनुमान'सुद्धा बोलण्यात 'अंदाज' होतो.

म्हणून हँडआउटच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी ८ ते १० संज्ञांची यादी हवी. मराठी संज्ञा, वक्ता ती कोणत्या अर्थाने वापरतोय त्याची एक ओळ, आणि रूढ इंग्रजी संज्ञा. संज्ञा स्वतः घडवण्याआधी दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' (१९७४, तीन खंड) उघडून पाहावा. तिथे प्रतिशब्द आहे आणि तो आवडत नाही, तर का आवडत नाही ते यादीत लिहा. तिथला न बघता चौथा प्रतिशब्द काढणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे.

इंग्रजी संज्ञा तोंडी आली तर अध्यक्षांनी अडवू नये. अर्ध्या श्रोत्यांचं वाचन इंग्रजीतच झालेलं असतं. फक्त एका व्याख्यानात एका कल्पनेला एकच शब्द, हे वक्त्याकडून आधी कबूल करून घ्यावं. सुरुवातीला 'समर्थन', मध्ये 'प्रामाण्य', शेवटी 'जस्टिफिकेशन' असं झालं की श्रोता तीन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो. 'प्रामाण्य' (ज्ञानाचं यथार्थ असणं) तर खरंच वेगळी गोष्ट आहे.

तळटीप

+१. यादीमुळे आणखी एक फायदा: वर्षभराने बारा याद्या जमतात.

हेत्वाभास

रेकॉर्डिंगवर. 'करावं की नको' हा प्रश्न सुटा नाही, काय रेकॉर्ड करायचं हा आहे.

माझं म्हणणं: व्याख्यान करा, चर्चा करू नका. चर्चेत विद्यार्थी चाचपडत प्रश्न विचारतात, वक्ता 'हे मला सुचलं नव्हतं' असं कबूल करतो. लाल ठिपका दिसला की दोन्ही थांबतं. चर्चेआधी 'स्टॉप' दाबा, 'पॉज' नको. पॉज चुकून सुटला तर चर्चा त्याच फाइलला जोडली जाते आणि नंतर कापत बसावं लागतं. लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर मीटिंग संपल्यावर फाइलचं रूपांतर होतं, ते पूर्ण होईपर्यंत झाकण मिटू नका. आणि वक्त्याला 'स्पॉटलाइट' करा. 'पिन' फक्त तुमच्या पडद्यापुरतं असतं.

आता आपल्या विषयातला खास धोका. निबंध एखाद्या नियतकालिकाकडे गुप्त परीक्षणाला गेलेला असतो. परीक्षकाला लेखकाचं नाव माहीत नसतं. त्याने शीर्षक सहज शोधलं आणि पहिलाच निकाल तुमच्या यूट्यूब वाहिनीचा आला, नाव-गाव-चेहऱ्यासकट, तर गुप्तता संपली. तरुण, कायम नोकरी नसलेल्या वक्त्याला याचा फटका जास्त. उपाय: व्याख्यानाचं शीर्षक निबंधाच्या शीर्षकापेक्षा वेगळं ठेवा, व्हिडिओ 'अनलिस्टेड' (शोधात न दिसणारा), आणि वक्त्याने सांगेपर्यंत सार्वजनिक करू नका. मसुदा वाटताना प्रत्येक पानावर 'मसुदा, उद्धृत करू नये', आणि जोडफाइलऐवजी फक्त वाचता येईल अशी लिंक, महिन्याने बंद करता येते.

संमती लेखी, आणि आधी. 'रेकॉर्ड केलं तर चालेल ना?' हे ६:५९ला चाळीस जणांसमोर विचारलं तर नाही कोण म्हणणार?

आन्वीक्षिकी

आगंतुकांचं काय? लिंक व्हॉट्सॲप गटांत फिरतेच.

वायरमन

२०२० च्या टाळेबंदीत झूमवर जे घुसखोरीचे प्रकार झाले त्यानंतर वेटिंग रूम आणि पासकोड हे सरसकट चालू झाले, ते तसेच ठेवा. जाहिरातीत लिंक नको, नोंदणीचा अर्ज द्या: नाव, संस्था किंवा 'स्वतंत्र अभ्यासक', ईमेल. लिंक आदल्या दिवशी मेलने आणि तासभर आधी पुन्हा. स्क्रीन-शेअर फक्त होस्टला, पडद्यावर रेघोट्या मारायची सोय बंद, आत येताना सगळे म्यूट. कोणी घुसलाच तर 'होस्ट टूल्स'च्या (पूर्वीच्या 'सिक्युरिटी'च्या) मेनूत सगळ्या हालचाली एकदम थांबवायचं बटण आहे, को-होस्टने ते आधी शोधून ठेवावं. त्या क्षणी शोधायला गेलं की सापडत नाही.

इंग्रजीतली व्याख्यानंही घेणार असाल तर फिलइव्हेंट्सवर नोंदवा, जगभरचे तत्त्वज्ञानवाले तिथे बघतात. तिथेही नोंदणीचाच दुवा.

उत्तररात्र

ज्यांना ती वेळच जमत नाही त्यांच्यासाठी: २००९ साली सुरू झालेल्या ऑनलाइन कॉन्शसनेस कॉन्फरन्समध्ये ध्वनिचित्रित व्याख्यान आधी टाकलं जायचं, त्यावर नेमलेल्यांची भाष्यं, आणि मग लेखी चर्चा. सगळ्यांनी एकाच क्षणी जागं असण्याची गरज नव्हती. वर्षातून एक व्याख्यान तसं करून बघा. लेखी आक्षेप नेमका असतो. तोंडी चर्चेत जो 'म्हणजे मला असं म्हणायचंय' मध्ये विरतो, तो लिहिताना दोन वाक्यांत बसतो. मुदत मात्र ठरवा, ७ दिवस. बेमुदत ठेवलं की पहिले दोन दिवस गर्दी आणि मग वक्ता एकटाच.

पूर्वपक्ष

आणि वक्त्याने किती उत्तरं द्यायची तेही. प्रत्येक आक्षेपकाला एक उत्तर आणि एक प्रत्युत्तर, तिसऱ्या फेरीला मेल.

आन्वीक्षिकी (धागाकर्ता)

आराखडा बदलला. हँडआउट दोन पानं, दुसऱ्यावर संज्ञायादी, आदल्या गुरुवारी. निबंध २८०० शब्द, मसुदा मागेल त्याला. हात-बोट, दोन बोटांची मर्यादा, यादी नऊला बंद. रेकॉर्डिंग व्याख्यानापुरतं, लेखी संमतीने. दर तिसरं व्याख्यान सकाळी १० ला. को-होस्ट दुसऱ्या गावातला.

सशुल्क खातं मिळालंय, बाहेरच्यांना थेट प्रवेश आहे का ते बुधवारी पाचजण वेगवेगळ्या मेलवरून आत येऊन तपासणार आहोत. कोणाकडे मॅक आणि कोणाकडे दोन हजार रुपयांतला जुना फोन असेल तर दोघंही हवेत. खाली हात वर करा.

हेत्वाभास

मॅक. बोटं खाली ठेवून येतो.